विमा नसलेल्या गाडीचा अपघात : दंड दोन हजारांचा, वसुली मात्र सातबाऱ्यापर्यंत

सातारा/सांगली : गाडीचा विमा संपलाय, पण "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहून गेलंय, अशी गाडी आपल्याकडे बहुतेक आळीत एखादी तरी सापडते. गावातल्या गावात फिरायची दुचाकी, शेताकडे जाणारा ट्रॅक्टर, पाहुण्याकडून घेतलेली जुनी जीप. पोलिसांनी अडवलं तर दंड भरू, एवढाच विचार असतो. पण विमा नसल्याचा खरा फटका अपघात झाल्यावर बसतो. त्या वेळी भरपाईची सगळी रक्कम गाडीमालकाच्या खिशातून जाते. खिशात नसेल तर घरातून, आणि घरात नसेल तर जमिनीतून. कायद्यात नेमकं काय आहे, कोर्टात हिशेब कसा होतो आणि अशा गाडीने ठोकरलेल्या माणसाला मदत कुठून मिळते, याची ही सविस्तर माहिती.

थोडक्यात

- विम्याशिवाय गाडी चालवणं आणि दुसऱ्याला चालवायला देणं, दोन्ही गुन्हे आहेत.
- अपघातात कोणी दगावलं किंवा जखमी झालं, तर विमा नसलेली गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सुटत नाही. तीन महिन्यांत हमी दिली नाही, तर तिचा लिलाव होऊ शकतो.
- भरपाईला कमाल मर्यादा नाही. कमावता माणूस गेला तर आकडा सहज २५-३० लाखांच्या पुढे जातो.
- रक्कम भरली नाही तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात.
- गाडी विकली, पण आर.सी. बुकावर नाव तुमचंच आहे? मग जबाबदारीही तुमचीच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस, ज्याला आपल्या गाडीने इजा झाली तो. हा विमा आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी नसतो. समोरच्याला द्यावी लागणारी भरपाई आपल्याऐवजी कंपनीने भरावी, यासाठी तो असतो.

विमा नसेल तर कलम १९६ लागतं. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. गाडी स्वतः चालवली नाही, पण मेहुण्याला किंवा मित्राला चालवायला दिली, तरी मालकाला हेच कलम लागतं.

"आमचा ट्रॅक्टर शेतातच चालतो" हे कारण चालत नाही. घरातून शेताकडे जाताना तो गावच्या रस्त्यावर आला, की सार्वजनिक ठिकाणी आला.

अपघात झाला. आता पहिलं काम काय?

कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करणं ही चालकाची जबाबदारी आहे. १०८ ला किंवा ११२ ला फोन करा. पोलिसांना लगेच, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत कळवावं लागतं. जमाव अंगावर येईल अशी भीती असेल तर तिथे न थांबता थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पळून जाऊ नका, गाडी लपवू नका. त्याने गुन्हा वाढतो आणि कोर्टात चालकाची बाजू पडते.

विमा नसताना अपघात झाल्यावर काही जण आधी एजंटला फोन करून पॉलिसी काढायला सांगतात. त्याचा उपयोग नाही. पॉलिसीवर ती सुरू झाल्याची तारीख असते आणि वेळही असते. दुपारी दोनला अपघात आणि चारला पॉलिसी, तर दोनच्या अपघातासाठी गाडी विमा नसलेलीच धरली जाते.

१ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तपासासाठी देशभर एकच नियमावली लागू आहे. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. मालकाने ३० दिवसांत ठरलेल्या नमुन्यात गाडी, विमा आणि चालक यांची माहिती द्यायची असते. ९० दिवसांत पोलिसांचा सविस्तर अहवाल जातो. म्हणजे समोरच्याने वकील लावला नसला, तरी प्रकरण न्यायाधिकरणापुढे पोचलेलं असतं.

जप्त झालेली गाडी सुटते कशी?

गाडीचे कागद पूर्ण असतील तर कोर्टात अर्ज करून, बंधपत्र देऊन ती साधारणपणे परत मिळते. विमा नसेल तर गणित वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना याबाबत नियम करायला सांगितलं. पुढे हीच तरतूद २०२२ च्या केंद्रीय नियमांत आली. त्यानुसार भरपाई देण्याइतकी पुरेशी हमी कोर्टात दिल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांत हमी दिली नाही, तर कोर्ट तिचा जाहीर लिलाव करू शकतं. आलेले पैसे भरपाईसाठी न्यायाधिकरणात जमा होतात.

गाडीवर कर्ज असेल तर दुहेरी मार बसतो. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते, पण बँकेचा किंवा फायनान्सचा हप्ता थांबत नाही.

फौजदारी गुन्हा आणि भरपाई, दोन वेगळ्या वाटा

बरेच जण या दोन गोष्टी एकच समजतात. फौजदारी खटला चालकावर चालतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६(१), शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल कलम २८१.

भरपाईचा दावा न्यायाधिकरणात चालतो. तो चालक, मालक आणि विमा असेल तर कंपनी, या तिघांविरुद्ध असतो. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप संपत नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधिकरणात मात्र कोणती बाजू जास्त शक्य वाटते, एवढं पाहतात.

हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं. अर्जदार आपण राहतो तिथे, अपघात झाला तिथे किंवा मालक राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा करू शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराचा वाळव्यात अपघात झाला, तर त्याचं कुटुंब बीडला दावा लावू शकतं. मग तारखेला वाळव्याच्या मालकाला तिकडे जावं लागतं.

नोटीस आली की ती घ्या आणि हजर राहा. नोटीस नाकारली किंवा तारखा चुकवल्या, तर दावा एकतर्फी चालतो. मग समोरच्याने सांगितलेलं उत्पन्न आणि खर्च खोडायला कोणी नसतं.

भरपाईचा आकडा ठरतो कसा?

न्यायाधिकरण मालकाची ऐपत पाहून भरपाई ठरवत नाही. गेलेल्या माणसाचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, यावरून ती ठरते. सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी यासाठी एक पद्धत घालून दिली आहे. उदाहरण घेऊ.

समजा ३२ वर्षांचा माणूस, स्वतःचं छोटं गॅरेज, महिन्याला १५,००० रुपये कमाई. मागे बायको, दोन मुलं आणि आई.

- भविष्यात कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवायचे : १५,००० + ६,००० = २१,००० रुपये
- वर्षाचे : २,५२,००० रुपये
- त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा : १,८९,००० रुपये
- ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ : १,८९,००० × १६ = ३०,२४,००० रुपये

यात अंत्यविधीचा खर्च, बायको-मुलं-आई यांना सहवास गमावल्याबद्दलची रक्कम आणि आधीच्या उपचारांची बिलं वेगळी मिळवतात. वर अर्ज केल्यापासून व्याज. व्याज ७ टक्के धरलं तरी वर्षाला २ लाख ११ हजारांच्या पुढे जातं. दावा चार वर्षं चालला तर नुसतं व्याजच आठ लाखांवर.

जखमी माणसाच्या बाबतीतही असंच. कायमचं अपंगत्व आलं तर कमाई किती टक्के बुडाली हे पाहतात. उपचार, पुढची ऑपरेशनं, सांभाळायला लागणारा माणूस, सगळं धरतात.

चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक रक्कम वेगळी आहे. कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. विमा असेल तर ते कंपनी देते, नसेल तर मालक. अर्जदारांनी मात्र एक लक्षात ठेवावं. ही रक्कम स्वीकारली तर मोठ्या भरपाईचा अर्ज पुढे चालत नाही, म्हणून सही करण्याआधी वकिलाला विचारा.

पैसे नाहीत म्हटलं तर काय होतं?

"माझ्याकडे आहे काय, घेऊन जा" असं म्हणणारे खूप भेटतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १७४ शेतकरी कुटुंबाने नीट समजून घ्यायला हवं. मालकाने रक्कम भरली नाही, तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुली प्रमाणपत्र पाठवतं. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसूल करतात. म्हणजे काम तहसील कार्यालयाकडे येतं.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत अशा वसुलीचे मार्ग दिले आहेत. आधी मागणीची नोटीस. मग जंगम मालाची, म्हणजे ट्रॅक्टर, दुचाकी, घरातल्या वस्तू यांची जप्ती आणि विक्री. त्यानंतर जमीन, घर अशा स्थावर मालमत्तेची जप्ती आणि लिलाव. थकबाकीदाराला अटक करून ठेवण्याचीही तरतूद आहे. सातबाऱ्यावर बोजा चढला की जमीन विकता येत नाही आणि नवीन कर्ज काढताना अडचण येते.

इथे काही जण एक शक्कल लढवतात. अपघात झाल्या झाल्या जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाकतात. देणं बुडवण्यासाठी केलेला असा व्यवहार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे कोर्टात रद्द करून घेता येतो. मालक वारला तरी देणं संपत नाही. त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून ते वसूल होतं. वारसांना स्वतःच्या कमाईतून द्यावं लागत नाही, पण वडिलांकडून आलेला हिस्सा त्यात जाऊ शकतो.

निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्यात येतात, त्यामुळे आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मात्र भरपाई द्यायची आहे त्याने अपिलाआधी २५,००० रुपये किंवा निकालाच्या रकमेचा अर्धा भाग, यांपैकी जे कमी असेल ते भरावं लागतं.

कवठ्याजवळचा टँकर : जबाबदारी किती लांब जाते

मालकाची जबाबदारी गाडी थांबल्यावर संपते, असं वाटत असेल तर आपल्याच सातारा जिल्ह्यातलं एक प्रकरण माहीत असू द्या. २९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्यापासून सुमारे २० फुटांवर जाऊन आडवा झाला. त्यातून पेट्रोल गळत राहिलं आणि लोक जमा झाले. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेले लोक भाजले, त्यातले काही दगावले.

एका मृत तरुणाच्या आईने भरपाई मागितली. न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. धडक होऊन काही तास झाले होते, टँकर नुसता पडून होता, मग स्फोट हा "गाडीच्या वापरामुळे झालेला अपघात" कसा, असा प्रश्न होता. हायकोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला. टँकरमालक आणि विमा कंपनी सुप्रीम कोर्टात गेले. जुलै १९९१ मध्ये तिथेही आईच जिंकली. उलटून पडलेली, चालू स्थितीत नसलेली गाडीसुद्धा "वापरात" धरली जाते, आणि धडकेपासून स्फोटापर्यंतच्या घटना एकाच साखळीतल्या आहेत, असं कोर्टाने ठरवलं. देशभरातली कोर्टं आजही या निकालाचा दाखला देतात.

तेव्हा चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी मिळणारी रक्कम १५,००० रुपये होती. आज ती ५ लाख आहे. त्या टँकरच्या मागे विमा कंपनी उभी होती. नसती, तर भाजलेल्या आणि दगावलेल्या प्रत्येकाचा दावा एकट्या मालकावर आला असता.

गाडी विकली, पण नाव बदललं नाही

आपल्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार असा होतो : पैसे घेतले, टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, चावी दिली, विषय संपला. घेणारा नाव बदलून घेत नाही, पुढे तिसऱ्याला विकतो. विमाही कोणी भरत नाही. एक दिवस त्या गाडीचा अपघात होतो आणि नोटीस पहिल्या मालकाच्या घरी येते.

६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे. गाडी कितीही हातांतून फिरली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईसाठी मालक. जखमीने खरा मालक शोधत फिरावं, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही.

म्हणून गाडी विकताना नमुना २९ आणि ३० भरून स्वतः आरटीओत द्या. विक्रीची माहिती १४ दिवसांत द्यायची असते. पोच घ्या. एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड आणि एमएच-१० सांगली, गाडी यांपैकी जिथली असेल तिथे नोंद बदलल्याची ऑनलाईन खात्री करा. एजंट "होऊन जाईल" म्हणाला तरी मोबाईलवर नाव बदललेलं दिसेपर्यंत निर्धास्त राहू नका.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि उसाचा हंगाम

हंगामात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली ही कायद्याने दोन वेगळी वाहनं आहेत. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीकामासाठी असेल आणि त्याने भाड्याने वीट, माती, वाळू वाहिली, तर कंपनी हात वर करते. ट्रॉलीत माणसं बसवली, तर तिथेही हीच अडचण येते. कोर्ट काही वेळा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं, पण ते मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतं. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेची मंडळी किंवा मजूर ट्रॉलीत बसवताना हे लक्षात असू द्या. पॉलिसी काढताना ऊस वाहतुकीचा वापर एजंटला स्पष्ट सांगा आणि पॉलिसीत तसं लिहून आलंय का ते बघा.

रात्री बंद पडलेली ट्रॉली रिफ्लेक्टर किंवा दिवा न लावता रस्त्यात उभी ठेवली आणि मागून दुचाकी धडकली, तरी दावा होतो. गाडी उभी होती हा बचाव पुरत नाही. कवठ्याचा निकाल आठवा.

पोरगं अठराच्या आत असेल तर

कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. विमा असला तरी चालकाकडे लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी दिलेले पैसे मालकाकडून परत मागू शकते. विमाच नसेल तर सगळं पहिल्यापासून मालकावर.

"गावातच मिटवू" म्हणण्याआधी

छोटा ओरखडा, आरसा फुटला, इथपर्यंत आपसात मिटवणं ठीक. पण माणूस गेला असेल तर स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन कलम १०६ चा गुन्हा मिटत नाही. तो सरकारने चालवायचा खटला असतो. पैसे रोख दिले आणि पावती नसेल, तर ते पुढे भरपाईतून वजा होतील याचीही खात्री नाही. मृताची लहान मुलं असतील तर त्यांचा हक्क चुलत्याने किंवा आजोबाने परस्पर सोडून देता येत नाही.

तडजोड करायचीच असेल तर न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत करा. तिथे रक्कम, हप्ते आणि तारखा लिहून ठरतात, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात आणि पुन्हा वाद उरत नाही. हप्त्याने पैसे द्यायचा मार्गही तिथेच निघू शकतो.

तुम्हालाच विमा नसलेल्या गाडीने ठोकरलं असेल तर

समोरच्याकडे विमा नाही म्हणजे काहीच मिळणार नाही, असं नाही.

- उपचार : ५ मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात होतात. गाडीला विमा नसेल तरी खर्च सरकारच्या मोटार वाहन अपघात निधीतून होतो. पोलिसांकडे नोंद झालेली असणं गरजेचं.
- गाडी पळून गेली, नंबर मिळालाच नाही : मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.
- भरपाईचा दावा : अपघातापासून सहा महिन्यांत करा, अशी मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात आली. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.
- वकिलाची फी नसेल तर : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.
- इतर हक्काचे पैसे : बँक खात्यावर वर्षाला २० रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे, तिची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच करा.

मालक पैसे देणार नाही असं वाटत असेल, तर त्याची जमीन, गाड्या यांची माहिती काढून वकिलाकडे द्या. विक्रीला मनाई मागता येते.

हे गैरसमज सोडा

*माझ्या गाडीला विमा नव्हता, म्हणून मला भरपाई मागता येणार नाही.* चूक. समोरच्याने तुम्हाला ठोकलं असेल तर तुमचा दावा त्याच्यावर आणि त्याच्या कंपनीवर लागतो. विमा नसल्याचा दंड तुम्हाला वेगळा होईल, पण दावा बुडत नाही.

*थर्ड पार्टी काढली म्हणजे आम्हालाही मिळेल.* मालक स्वतः गाडी चालवताना दगावला, तर साध्या थर्ड पार्टीतून काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत असावा लागतो. दुचाकीवर मागे बसलेल्याचाही साध्या थर्ड पार्टीत समावेश होत नाही, असे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. त्यासाठी फुल पॉलिसी घ्यावी लागते.

*नवीन गाडी आहे, विमा असणारच.* १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो. पण ती मुदत संपते. त्यानंतर घेतलेल्या पहिल्या गाड्यांची पाच वर्षं २०२३ मध्येच संपली. आपली कधी संपते ते बघा.

आज करायच्या गोष्टी

१. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. घरातल्या सगळ्या गाड्यांचं बघा, वडिलांच्या नावावरचीही.

२. विमा संपला असेल तर आजच काढा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता असा आहे, त्यावर जीएसटी वेगळा :

- दुचाकी, ७५ ते १५० सीसी : ७१४ रुपये
- दुचाकी, १५० ते ३५० सीसी : १,३६६ रुपये
- खासगी कार, १००० सीसीपर्यंत : २,०९४ रुपये
- खासगी कार, १००० ते १५०० सीसी : ३,४१६ रुपये

३. पॉलिसीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, मालकाचं नाव बरोबर आहे का तपासा. चेकने पैसे दिले असतील तर तो वटला का ते बघा. पैसे कंपनीला पोचले नाहीत तर पॉलिसी रद्द होऊ शकते.

४. विकलेली जुनी गाडी अजून आपल्या नावावर दिसत असेल तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्या.

५. विमा, आर.सी. आणि लायसन्स डिजीलॉकरमध्ये ठेवा. विमा भरेपर्यंत गाडी घरातच उभी ठेवा आणि चावी कोणाला देऊ नका.

शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीचा हप्ता ७१४ रुपये, म्हणजे दिवसाला दोन रुपयांच्या आसपास. तो चुकवलेल्या गाडीखाली कमावता माणूस गेला, तर वर मांडलेला ३० लाख २४ हजारांचा हिशेब मालकाच्या सातबाऱ्यावर येतो.